वहिनींच्या मनातला आकडा

‘कदाचितसर’ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नोकरीच्या पहिल्या दिवशी फळ्याकडे तोंड करून ते म्हणाले होते, “कदाचित आपण सुरुवात करायला हरकत नसावी,” आणि मागच्या बाकावर त्यांचं बारसं तिथल्या तिथे उरकलं गेलं. मग ते नाव वर्गातून व्हरांड्यात आलं, व्हरांड्यातून कार्यालयात गेलं आणि शेवटी ते राहत होते त्या इमारतीचा जिना चढून त्यांच्या दारापर्यंत पोचलं. सरांना त्याचं वाईट वाटायचं. कदाचित वाटायचं, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

त्यांचा धंदाच तसा होता. जगात काही जड कण असे असतात की ते जन्माला येतात न येतात तोच फुटतात. बहुतेक जण सरधोपट, ठरलेल्या रीतीने फुटतात. पण अब्जावधींतला एखादा आडवाटेने फुटतो. असं अब्जात किती वेळा व्हायला हवं हे खुर्चीत बसून, नुसत्या गणिताने, आधी सांगायचं. सरांनी उभी हयात त्यात घालवली होती. प्रयोगवाले मग मोठमोठी यंत्रं लावून खरोखर किती वेळा होतं ते मोजतात, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर सृष्टीत काहीतरी नवीन आहे, किंवा गणित करणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी जुनं बिघडलेलं आहे, असा निष्कर्ष निघतो. सरांना कायम दुसरी शक्यता जवळची वाटत आली.

या शास्त्राला फ्लेव्हर फिजिक्स म्हणतात. त्यामुळे सरांचे मेव्हणे बरीच वर्षं ते आइस्क्रीमच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत असं समजून होते. भेटले की विचारायचे, “काय, यंदा नवीन काय काढलं?” सर प्रामाणिकपणे म्हणायचे, “अजून तरी काही नाही.” दोघांचंही समाधान व्हायचं.

आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि सरांनी शेवटचं एक भाकीत करायला घेतलं होतं. बरोबर भागीदार म्हणून त्यांची जुनी विद्यार्थिनी होती. ती आता दुसऱ्या गावच्या विद्यापीठात शिकवायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी “नक्कीच” म्हणायची, म्हणून तिला सगळे ‘नक्कीच’ म्हणत. कदाचित आणि नक्कीच यांनी मिळून केलेलं गणित म्हणजे जगातलं सर्वांत समतोल गणित, असा विनोद सरांच्या भौतिकशास्त्र खात्यात चालत असे. सर त्यावर सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत जास्त हसत, म्हणजे लागलंय हे कुणाला कळू नये.

भाकीत करणाऱ्यांच्या जमातीला एक जुना रोग आहे. आपला आकडा इतरांच्या आकड्यांशी जुळला की माणूस खूश होतो आणि तपासणं थांबवतो. नाही जुळला की चुका शोधत बसतो, आणि जुळेपर्यंत शोधतच राहतो. शोधणाऱ्याला चूक सापडतेच. खोटेपणा कुणीच करत नाही, आणि तरीही सगळ्यांचे आकडे मेंढरांसारखे एकाच कोपऱ्यात गोळा होतात. यावर इलाज एकच. आपला आकडा आपल्यापासूनच झाकून ठेवायचा. कुणा तिऱ्हाइताने एक गुपित गुणक निवडायचा, सगळ्या हिशेबाला त्याने गुणायचं, म्हणजे समोर दिसतो तो आकडा खोटा. काम पूर्ण झालं, आता काहीही बदलणार नाही असं दोघांनीही जाहीर केलं, की मगच गुणक विचारायचा आणि झाकण उघडायचं.

“तिऱ्हाईत कोण शोधायचा, सर?” नक्कीचने तिच्या गावाहून, संगणकाच्या पडद्यावरून विचारलं.

सरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. त्यांच्या पत्नीने, म्हणजे सगळ्या इमारतीच्या वहिनींनी, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेलं. सगळ्या शहराची बोलणी त्यांच्या कानांवरून गेली होती आणि त्यातलं एक अक्षर कधी घरी आलं नव्हतं. मेयरच्या बायकोने कोणाला फोन केला होता, हे सरांना आजतागायत माहीत नाही. एकदा त्यांनी विचारलं होतं आणि जेवण गार झालं होतं.

“हे बघ,” सर वहिनींना समजावू लागले, “शून्य दशांश सात आणि एक दशांश तीन यांच्यामधला कुठलाही आकडा मनात धर. कुठे लिहायचा नाही. मला सांगायचा नाही. मी गयावया केली तरी नाही. मी पाया पडलो तरी नाही.”

“तुम्ही पाया पडणार आहात?”

“उदाहरण म्हणून सांगतोय.”

“आणि मी विसरले तर?”

“म्हणून तर विसरणार नाहीस असाच धर.”

मग दोघं खात्यात गेली. तिथल्या संगणकावर पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खात्यातून, म्हणजे गेस्ट अकाउंटमधून, वहिनींनी तो आकडा टाकला. त्या वेळी सर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि खबरदारी म्हणून त्यांनी कानांवर हातही ठेवले होते, जणू आकडा टाइप करताना ऐकू येतो. शिपाई दारात येऊन हे दृश्य बघून गेला. दुसऱ्या दिवसापासून वहिनी खात्यात आल्या की लोक उठून उभे राहू लागले.

आणि नवल असं की सर सुखी झाले. आकडा खोटाच आहे म्हटल्यावर त्याची धास्ती कसली? एरवी गणित चालू असताना ते घरात येरझाऱ्या घालून गालिचा झिजवायचे. आता चक्क शीळ घालू लागले. पडद्यावरचा आकडा अब्जात तीनच्याही खाली होता आणि इतर सगळ्यांचे चारच्या आसपास होते. पण सर म्हणत, “हा काय खरा आहे थोडाच!” आणि दाढी करायला जात. तपासण्या मन लावून होत, चुका सापडत त्या दुरुस्त होत. आकडा वर जातोय की खाली याकडे ते पाहुण्यांच्या मुलांच्या खोड्यांकडे बघावं तसे कौतुकाने बघत.

अशात प्रयोगवाल्यांनी जाहीर केलं की येत्या गुरुवारी दुपारी आम्ही आमचा निकाल उघडणार. म्हणजे सरांचं भाकीत बुधवारपर्यंत सार्वजनिक व्हायला हवं होतं. निकालानंतर सांगितलेल्या भाकिताला या धंद्यात कोणी हिंग लावून विचारत नाही. आयुष्याचं शेवटचं काम एका दिवसाने रद्दी व्हायचं.

“दोन तपासण्या उरल्यात सर. बुधवारी उघडू. नक्कीच,” नक्कीच म्हणाली.

सरांनी सहज म्हणून वहिनींना विचारलं, “आकडा लक्षात आहे ना गं?”

“आहे,” वहिनी म्हणाल्या, आणि जरा जास्तच लगबगीने आत गेल्या.

बस. सरांना संशय आला तो तिथेच. संसारात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला बायकोचं ‘आहे’ आणि ‘आहे’ यांतला फरक कळतो. ही विसरली! त्यांनी गुपचूप तिच्या स्मरणशक्तीची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. “आपला जुना पंखा आपण कुणाला दिला गं?” “तुमच्या मावशीला. आणि तो चालत नव्हता हे तिला तुम्ही सांगितलं नाहीत.” “आपण त्या घरात असताना खालच्या मजल्यावर कोण राहायचं?” “तुम्हाला बरं नाहीये का?” स्मरणशक्ती शाबूत होती. त्याने धीर येण्याऐवजी काळजी वाढली. बाकी सगळं आठवतंय म्हणजे नेमका आकडाच तेवढा गेलेला असणार.

वरच्या मजल्यावर विमावाले राहत. अपघात, आग, चोरी आणि मृत्यू यांविषयी ते इतक्या प्रेमाने बोलत की ऐकणाऱ्याला एखादं संकट आपल्यावर यावंसं वाटे. जिन्यात सरांचा चेहरा बघून त्यांनी सगळं काढून घेतलं.

“म्हणजे एवढी मोठी जोखीम एका माणसाच्या डोक्यावर ठेवलीत? दुसरी प्रत नाही? वारस नेमला नाही? अहो, उद्या वहिनींना काही झालं तर?”

“काही झालं तर... मी आकड्याचा विचार करीन असं वाटतं का तुम्हाला?” सर दुखावून म्हणाले. पण घरी येईपर्यंत त्यांनी तो विचार एकदा केला होता आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

विमावाल्यांनी सल्लाही दिला होता. “सरळ भांडण काढा. रागाच्या भरात माणूस मनातलं सगळं बोलतो. आमच्या हिने एकदा रागात माझ्या तिन्ही नोकऱ्यांचे पगार क्रमाने सांगितले होते.”

सरांनी भांडण काढायचं ठरवलं. पण त्यालाही सराव लागतो. चहाचा कप पुढे ओढून, आवाज चढवून ते म्हणाले, “हा चहा... कदाचित... नेहमीइतका चांगला झालेला नाही!”

वहिनींनी त्यांच्या कपाळावर हात ठेवून बघितला आणि खिडकी उघडली.

शेवटचा उपाय म्हणून सर खात्याच्या संगणक विभागात गेले. आकडा आपण बघायचा नाही, फक्त तो जागेवर सुखरूप आहे एवढी खात्री करून घ्यायची. विभागाचा अधिकारी मोठा नियमाचा माणूस होता. त्याच्या टेबलावर एक पाटी होती आणि तीवर ‘आधी परवानगी’ एवढंच लिहिलेलं होतं.

“ते पाहुण्यांचं खातं सुटीत बंद झालं, सर. तुमचा प्रोग्राम त्यातून आकडा घेत राहील, पण माणसाला आत जाता येणार नाही. उघडायचं तर समिती बसायला हवी.”

“कधी बसते?”

“उठली की सांगतो. नुकतीच बसलीय. आणि त्या खात्यात नक्की काय आहे?”

“ते मला माहीत असता कामा नये.”

“मग कुणाला माहीत आहे?”

“माझ्या पत्नीला.”

“मग त्यांना विचारा ना.”

“ती सांगत नाही.”

खोलीतले सगळे की-बोर्ड थांबले. अधिकाऱ्याने चष्मा काढला, खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू, मायेच्या आवाजात म्हणाला, “सर, असं किती दिवस चाललंय?”

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं की कदाचितसरांच्या घरी काहीतरी बिनसलंय. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जिन्यात सरांचा हात हातात घेऊन सांगितलं की बोलून सगळं सुटतं. सर म्हणाले, “ती बोलली की खरंच सुटेल.” बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

बुधवार उजाडला. सकाळी नक्कीच पडद्यावर आली. शेवटची तपासणी पार पडली होती. सरांनी हाक मारली तशा वहिनी ओले हात पदराला पुसत आल्या आणि संगणकासमोर बसल्या.

“काकू, आमच्याकडून काम संपलं. आता सांगा,” नक्कीच म्हणाली.

“आधी दोघांनी म्हणा, आता काही बदलणार नाही.”

“नाही बदलणार. नक्कीच.”

“तुम्ही?”

“कदाचित...”

“कदाचित चालणार नाही. तुम्हीच नियम सांगितला होता.”

“नाही बदलणार,” सर म्हणाले.

वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात थोडी दयाही होती.

“एक,” त्या म्हणाल्या.

“एक दशांश किती?”

“किती नाही. एक. नुसता एक.”

पडद्यावर नक्कीचचं तोंड उघडं राहिलं आणि सरांना वाटलं की चित्र अडकलं. पण अडकलेले ते स्वतःच होते. एकने गुणलं म्हणजे काहीच गुणलं नाही. इतके महिने समोर दिसत होता तो आकडा खोटा नव्हताच. अब्जात तीनच्याही खाली! साऱ्या जगापेक्षा वेगळा, एका कोपऱ्यात एकटा उभा असलेला, आणि त्याला आपण रोज शीळ ऐकवत होतो.

“अगं, पण एक कसा धरलास?”

“लिहायचा नाही, विसरायचा नाही, असं सांगितलंत. एक कोण विसरतो? आणि खरं सांगू? तुमच्या एवढ्या मेहनतीला कसल्यातरी वेड्यावाकड्या आकड्याने गुणायचं माझ्या जिवावर आलं.”

“मग मला आधी का नाही...”

“तुम्ही झोपायला लागला होतात,” वहिनी म्हणाल्या. “बऱ्याच वर्षांनी. मला काय कमी जड गेलं गप्प राहणं? मेयरच्या बायकोचं सोपं होतं.”

सरांचे हात आपोआप कामाला लागले होते. त्यांनी कागद ओढले आणि घाईघाईने चाळायला सुरुवात केली. “इथे कुठेतरी घोळ आहे. नक्की आहे. ही पायरी बघ. आपण हा टोकाचा भाग हिशेबात घेतलाय. बाकी सगळे सोडून देतात. आपणही सोडला तर आकडा वर जाईल. चारपर्यंत नाही, पण साडेतीनच्या वर. सभ्य होईल.”

“सर, तो भाग घ्यायचा असं आपण कारणं देऊन ठरवलं होतं,” नक्कीच म्हणाली. या वेळी तिने ‘नक्कीच’ जोडलं नाही. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. “पण तुम्ही म्हणत असाल तर... मी हो म्हणेन. मलाही भीती वाटतेय.”

“हे तुम्हाला काल का नाही सुचलं?” वहिनींनी विचारलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. खरोखर जाणून घ्यायचं होतं.

“काल तो आकडा खोटा होता.”

“आकडा तोच आहे की. काल तो खोटा म्हणून तुम्हाला चालत होता. आज खरा आहे म्हणून चालत नाही?”

सर खाली बसले. कागद हातात तसेच राहिले. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, त्याची फुसफुस तेवढी ऐकू येत होती. आपण ज्या रोगावर औषध घेत होतो तो रोग आता या क्षणी, भर सकाळी, स्वतःच्या घरात, आपल्या अंगात शिरलाय हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि तो किती वाजवी दिसतो! किती अभ्यासू! हातात पेन्सिल घेऊन येतो.

“पण नियमाने आपला आकडा झाकलेला नव्हता,” ते क्षीणपणे म्हणाले.

“आपल्याला माहीत नव्हतं ना सर? मग झाकलेलाच होता,” नक्कीच म्हणाली. “डोळ्यांवरची पट्टी काचेची निघाली एवढंच. डोळे आपण मिटले होते.” आणि थोडं थांबून, “नक्कीच.”

सरांनी टोकाचा भाग तसाच ठेवला. मग भाकिताचा लेख शास्त्रज्ञांच्या सार्वजनिक संकेतस्थळावर चढवला. घाईत दोनदा भलतीच फाइल चढली. त्यातली एक विजेच्या बिलाची होती. अखेर सगळं जुळलं आणि पडद्यावर प्रश्न आला: ‘तुमची खात्री आहे का?’ खाली दोनच बटणं होती, ‘हो’ आणि ‘नाही’. सरांनी वर, खाली, कडेला, सगळीकडे तिसरं बटण शोधलं. संकेतस्थळ बनवणाऱ्याने माणसांचा काहीच विचार केलेला नव्हता. शेवटी त्यांनी डोळे मिटून ‘हो’ दाबलं, आणि मग उघडून ते ‘हो’च होतं ना हे बघितलं.

गुरुवारी खात्याच्या मोठ्या सभागृहात निकाल पडद्यावर थेट दाखवणार होते. वहिनी आल्या, विमावालेही आले. “एवढी जोखीम फुकट बघायला कुठे मिळते!” असं ते वाटेत तीनचार जणांना म्हणाले. संगणक विभागाच्या अधिकाऱ्याने वहिनींना सरांच्या शेजारी बसलेलं पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

दूरच्या प्रयोगशाळेतल्या वक्त्याने आधी सगळ्यांची भाकितं एका चित्रात दाखवली. उजवीकडे ठिपक्यांचा दाट पुंजका, एकमेकांना खेटून बसलेला. आणि डावीकडे, बराच लांब, एक एकटा ठिपका. सभागृहातल्या माना वळल्या. सरांनी आपली मान खांद्यांत घालून घेतली. मग निकाल आला. प्रयोगवाल्यांचा ठिपका बरोबर मधोमध पडला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेची आडवी रेघ इतकी लांब होती की एका टोकाला ती सरांना शिवत होती आणि दुसऱ्या टोकाला पुंजक्याच्या पार निघून गेली होती.

टाळ्या पडल्या.

“म्हणजे तुम्ही पास?” विमावाल्यांनी कुजबुजत विचारलं.

“पास नाही. नापासही नाही.”

“मग कळणार कधी?”

“अजून मोजावं लागेल. कदाचित दहाएक वर्षं.”

“दहा वर्षं?” वहिनी एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की पुढच्या रांगा वळल्या. “आणि तोवर तुम्ही घरात फिरत बसणार?”

इतक्यात पडद्यावरच्या वक्त्याने विचारलं की ते एकटं भाकीत करणारे इथे कुठे ऐकत आहेत का. खात्यातल्या कुणीतरी उत्साहाने ध्वनिक्षेपक सरांच्या हातात कोंबला. सर उभे राहिले. हजारभर ठिकाणी लोक ऐकत असतील या विचाराने त्यांनी ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरला.

“तुमचा आकडा बाकी सगळ्यांपासून इतका दूर आहे,” वक्ता म्हणाला. “आजच्या निकालानंतर त्यात काही फेरबदल करण्याचा विचार आहे का?”

सरांच्या जिभेवर नेहमीचा शब्द आला. त्यांनी शेजारी पाहिलं. वहिनी त्यांच्याकडे न बघता समोर बघत होत्या, आणि पर्सचा पट्टा त्यांनी बोटांभोवती आवळून धरला होता.

“नाही,” सर म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एका शब्दाचं उत्तर दिलं होतं. आता बसायचं तेवढं उरलं होतं. पण सभागृहातल्या त्या खुर्च्या माणूस उठला की आपोआप मिटतात हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. सर ध्वनिक्षेपकासकट सरळ जमिनीवर आले. त्याचा आवाज जगभर गेला.

वहिनींनी आणि विमावाल्यांनी मिळून त्यांना उचललं. हाडं शाबूत होती, अब्रूचं मात्र सांगता येत नव्हतं. पण पुढे नक्कीचकडून कळलं की पडद्यापलीकडच्या मंडळींना सर दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. ‘नाही’ पाठोपाठ झालेला तो दणका म्हणजे सरांनी टेबलावर मूठ आपटली, असंच सगळ्यांनी धरलं. तिकडे आता ते फार ठाम माणूस म्हणून ओळखले जातात, आणि त्यांच्याशी वाद घालायला लोक कचरतात. सरांना त्याचीच काळजी लागून राहिली आहे.